सात मीटरांच्या आत

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली होती आणि किलवणी नाक्यावरच्या हातगाडीशी उभी राहून नलिनी गवारीच्या शेंगा निवडत होती, तेव्हा पर्समधला फोन थरथरला. मंगेशचा मेसेज होता. तिचा हा एकुलता मुलगा युगांडात, कंपालाला, प्लास्टिकच्या पाइपांच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होता, आणि त्याचे मेसेज बहुधा तिच्या गोळ्यांविषयी नाहीतर हवामानाविषयी असत. हा एका ओळीचा होता. ‘आई, आपण बघितलेलं ते पिल्लू गेलं. आज ट्रेकच्या ग्रुपवर आलं.’ तिने वाचलं, फोन पर्समध्ये टाकला, आणखी चार शेंगा उचलल्या, एक मोडून पाहिली. कोवळी होती. गाडीवाल्याने गुजरातीत काहीतरी विचारलं, किती देऊ असंच असणार. तिने मान हलवली, निवडलेल्या शेंगा तशाच ढिगावर ठेवल्या आणि ती चालू लागली. मागून त्याने हाक मारली. ती आपल्यासाठी आहे हे तिला कळलं, पण वळून बघण्याइतकी ती हाक जवळची वाटली नाही.

डिसेंबर लागला की सिल्वासाची हवा दुपारी एक वाजतासुद्धा पुरती उजळत नाही. दमणगंगेवरचं पहाटेचं धुकं उठतं, पण जात नाही. कारखान्यांच्या धुरात मिसळून छपरांच्या उंचीवर अडकून राहतं, आणि त्याखाली टेम्पो, रिक्षा, शिफ्ट सुटलेल्या मुली, सगळं जरा पाण्याखालून चालल्यासारखं दिसतं. सव्वीस वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा जयवंत कोकणातल्या परुळ्याहून इथे आले ते दोन वर्षांसाठी. त्याला कलेक्टर कचेरीत नोकरी, तिला मराठी शाळेत विज्ञान शिकवायचं काम. दोन वर्षं काढू आणि जाऊ परत, असं म्हणत म्हणत मंगेश मोठा झाला, मसाटच्या कारखान्यात लागला, तिथून आफ्रिकेत गेला, आणि जयवंत निवृत्त होऊन दुसऱ्याच महिन्यात वारला. नलिनी राहिली. घराकडे जाणारा रस्ता डावीकडे होता. तिचे पाय स्टँडकडे वळले. खानवेलची बस लागलेली होती. ती चढली आणि खिडकीशी बसली. आपण कुठे चाललो आहोत हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उतरावं लागलं असतं.

पिल्लू गेलं. दीड वर्षाचं होतं, असं प्रूडन्स म्हणाली होती. प्रूडन्स म्हणजे युगांडाच्या डोंगरातली त्यांची गाइड. जंगलखात्याच्या हिरव्या गणवेशातली, रुंद खांद्यांची, अतिशय सावकाश बोलणारी बाई. सकाळी साडेसातला लाकडी बाकांवर बसलेल्या आठ पर्यटकांसमोर उभी राहून तिने नियम सांगितले होते. गोरिलांच्या कुटुंबापाशी एकच तास थांबायचं. तोंडावरचा मास्क काढायचा नाही. सात मीटरांच्या आत जायचं नाही. ‘ते आपले फार जवळचे नातेवाईक आहेत,’ ती म्हणाली होती, ‘म्हणून आपला आजार त्यांना लागतो. आपल्याला जी साधी सर्दी, ती त्यांच्या लेकरांना मारते. कुणाला ताप, खोकला, पोट बिघडलेलं असेल तर आत्ता सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.’ आणि ती थांबली होती. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत, अगदी पुरेसा वेळ थांबली होती. वर्गात बाई थांबतात तशी. नलिनीला ते थांबणं ओळखीचं होतं. आयुष्यभर ती फळ्याच्या त्या बाजूला उभी राहून तसंच थांबत आली होती, आणि गृहपाठ न केलेली मुलं नेमकी कशी बसतात हे तिला ठाऊक होतं. ती तशी बसली नाही. ताठ बसली. प्रूडन्सच्या नजरेला नजर दिली. खिशात क्रोसिनची पट्टी होती आणि त्यातल्या दोन गोळ्या पहाटे पाच वाजता पोटात गेल्या होत्या. कपाळाशी धरलेल्या ताप मोजायच्या यंत्राने ती अगदी ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला होता.

बस वळणं घेत निघाली. कुणीतरी शेजारी येऊन टेकलं. कमळाबाई. शाळेतली शिपाई, धुळ्याकडची, नवऱ्यामागे मसाटच्या सूतगिरणीत आलेली आणि नवरा गेल्यावर शाळेत लागलेली. तिची लेक खानवेलला दिली होती, शनिवारी ती तिकडे जायची.

“बाई, आज इकडनं कशा तुम्ही? घर तं तिकडं राह्यलं ना.”

“काम आहे जरा,” नलिनी म्हणाली.

“बरं बरं.” कमळाबाईने मांडीवरची पिशवी सारखी केली. तिला गप्प बसवत नसे. “तुमचा तो फोटू दाखवला मी माझ्या नातीला. मोबाईलवर धाडला होता ना तुम्ही सगळ्यांना. तुमच्या पायाशी ते काळं लेकरू बसेल होतं. नात म्हणे, खोटा आहे. मी म्हटलं, बाई खोटं नाही बोलत.”

नलिनी खिडकीबाहेर बघत राहिली. साग, पानं गळालेला. मधेच एखादं हिरवं आंब्याचं झाड.

“त्येची माय कुठं होती हो तेव्हा?”

“तिथेच. बाजूला बसली होती. पाला खात.”

“आन काहीच नाही केलं तिनं? धावली नाही अंगावर?”

“नाही.”

“म्हंजे भरोसा ठेवला तिनं तुमच्यावर,” कमळाबाई समाधानाने म्हणाली. “जनावराला कळतं बाई, समोरचं मानूस कसं आहे ते.”

मग ती लेकीच्या सासूविषयी काहीतरी सांगू लागली आणि तो आवाज हळूहळू इंजिनाच्या आवाजात विरघळला. नलिनीने डोळे मिटले. मिटल्याबरोबर ओलं, हिरवं, दाट असं काहीतरी चारी बाजूंनी उभं राहिलं. तीन तास चढ चढून ती तिथे पोचली होती. तापाचा असा एक गुण असतो की तो आधी उतरतो आणि मग शरीर हलकं, पोकळ करून जातो. तिला आपले पाय आपले वाटत नव्हते, कुणीतरी दुसरंच ते उचलून पुढे ठेवत होतं. नेचे तिच्या खांद्याएवढे होते. झाडांवरून शेवाळ दाढीसारखं लोंबत होतं. अंगात जयवंतचा पूर्ण बाह्यांचा शर्ट होता, तो कोपरापर्यंत भिजून अंगाला चिकटला होता. मग पुढचा माणूस थांबला, प्रूडन्सने हात वर केला आणि घशातून एक खोल, संथ हुंकार काढला. समोरच्या झुडपातून तस्साच हुंकार परत आला. तिच्या अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. परुळ्याच्या घरी सांजावताना गोठ्यात शिरलं की म्हैस ओळख दाखवायची तसा तो आवाज होता. आणि मग पानं बाजूला झाली, आणि ते होते. अकरा जणं. राखाडी पाठीचा तो प्रचंड नर पोटावर हात ठेवून जेवण झालेल्या यजमानासारखा रेलला होता. दोन अर्धवट वाढलेली पोरं एकमेकांना लोळवत होती. एक म्हातारी, बोटांकडे बघत बसलेली. त्या कुटुंबाला तिथल्या भाषेत नाव होतं, ते तिच्या जिभेवर कधी बसलं नाही. पण एवढं नक्की, की त्यांच्यापैकी कुणीही पाहुणे आले म्हणून उठलं नाही. त्यांनी बघितलं आणि बघून आपापल्या कामाला लागले. इतक्या साधेपणाने नलिनीला गेल्या साडेचार वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. सगळ्यांच्या बघण्यात आधी विधवा असे, मग नलिनी.

वर्गातल्या भिंतीवर एक तक्ता होता. तिच्या आधीच्या बाईंच्या काळातला, वरची पट्टी तुटलेला. त्यात उजव्या कोपऱ्यात गोरिला, निळसर पडलेला. दर वर्षी ती छडीचं टोक त्याच्यावर ठेवून सांगायची, ‘हा शाकाहारी आहे. हा कुटुंब करून राहतो.’ जयवंत गेल्यावर मंगेश दर वर्षी बोलावत होता, आणि ती दर वर्षी काहीतरी कारण काढत होती. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या तोंडून अचानक निघून गेलं, ‘ते गोरिला तुझ्याकडून किती लांब रे?’ मंगेश हसला होता. खूप दिवसांनी. वर्षभर आधी नाव लावावं लागतं त्या परवान्यासाठी त्याने कुणाकुणाला फोन केले, कुणाची रद्द झालेली जागा मिळवली. आणि डोंगरातल्या लॉजवर पोचल्याच्या संध्याकाळी तिचा घसा धरला. त्यात अंग मोडून आलं. ‘आई, बरी आहेस ना?’ ‘मला काय धाड भरलीय?’ ती म्हणाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिने आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती, आणि या गोष्टीचा तिला फाजील म्हणावा असा अभिमान होता.

तासातली शेवटची दहा मिनिटं राहिली असताना ते पिल्लू आलं. त्याला सात मीटर कुणी शिकवले नव्हते. ते अडखळत, गोलमटोल पोटाचा तोल सांभाळत, सरळ तिच्याकडे चालत आलं. ‘हलू नका,’ प्रूडन्स मागून पुटपुटली. नलिनीला हलायचं नव्हतंच. फक्त त्या क्षणी तिचा मास्क ओला होऊन नाकाला चिकटला होता, श्वास कोंडत होता, आणि तिने तो दोन बोटांनी नाकाखाली ओढला होता. एवढंच. पिल्लू तिच्या बुटाशी बसलं. त्याने नाडी ओढली, सोडली, परत ओढली. मग वर बघितलं. त्याचे डोळे तपकिरी होते आणि त्यांत एक अखंड, बिनघाईचं कुतूहल होतं, आणि तिला वाटलं, आपल्या आत कुठेतरी गोठून राहिलेलं भांडं कुणी चुलीवर ठेवलं आहे. ती हसली. हसताना छातीतून खोकला वर आला. तिने तो दाबला, गिळला, मान वळवली. तरी एक निसटलाच. एक. लहानसा. पिल्लाचे डोळे मिटून उघडले. मग आईने न उठताच हात लांब केला, त्याचा पाय धरला आणि पोळपाटावरून कणकेचा गोळा ओढावा तसं त्याला स्वतःकडे ओढून घेतलं. मंगेशने फोटो काढला तो त्याच्या आधीचा. फोटोत नलिनी इतकी सुखी दिसते, की शाळेत सगळ्यांनी विचारलं, बाई, हा खरंच तुमचा फोटो?

खानवेल आलं. कमळाबाई उतरली, उतरताना म्हणाली, “परत जाताना सांभाळून, पाचनंतर गाडी नाही.” नलिनीने मान हलवली आणि बसून राहिली. बस तशीच पुढे दुधनीला गेली, जिथे रस्ताच संपतो आणि मधुबन धरणाचं पाणी सुरू होतं. ती उतरली. पाणी अफाट पसरलेलं, डोंगरांच्या पायांत शिरलेलं, एकही लाट नसलेलं. काठावर होड्या बांधलेल्या. दोन बाया मासळी वाळत घालत होत्या. या पाण्याखाली गावं आहेत असं जयवंत सांगायचा. जुन्या नकाशांत त्यांची नावं त्याने कचेरीत बघितली होती. एका उपड्या होडीला टेकून ती बसली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण या रस्त्याने शेवटचे आलो ते एकवीस सालच्या एप्रिलमध्ये.

तेव्हा शाळा बंद होती आणि शिक्षकांना घरोघर जाऊन ताप मोजायची ड्यूटी लागली होती. खानवेलपासून आतल्या पाड्यांवर ती फिरत होती, हातात ते बंदुकीसारखं यंत्र घेऊन. वारली बाया दाराशी रांगेत उभ्या राहायच्या आणि ती त्यांच्या कपाळांना नेम धरायची. ‘लपवायचं नाही हं,’ ती दटावायची. ‘ताप असेल तर सांगायचं. घरातल्या म्हाताऱ्यांना धोका असतो.’ आणि तिच्याच पर्समध्ये क्रोसिनची पट्टी होती. तीन दिवस. घसा खवखवत होता, डोळ्यांमागे दुखत होतं. रात्री घरी आल्यावर जयवंत विचारी, ‘तुला बरं नाही का गं?’ आणि ती म्हणे, ‘उन्हाचं आहे.’ जयवंतला दमा होता. त्याला एक सवय होती, लग्नापासूनची: ती कधी पूर्ण चहा पीत नसे, अर्ध्यावर कप ठेवून कामाला लागे, आणि उरलेला गार चहा तो उभ्याउभ्या पिऊन टाके. त्या तीन दिवसांतही तो प्यायला. तिने बघितलं. नको म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. बाराव्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला. नंतर जो तो हेच म्हणाला, कुठूनही येतो हो तो, हवेतून येतो, भाजीवाल्याकडून येतो, कुणाला काय कळणार. नलिनी सगळ्यांना हो म्हणाली. इतक्या वेळा हो म्हणाली, की पुढे पुढे तिला तो भाजीवाला डोळ्यांसमोर दिसू लागला.

तिने मंगेशला फोन लावला. रेंज जात-येत होती; तिसऱ्यांदा लागला.

“आई? कुठे आहेस? वारा ऐकू येतोय.”

“दुधनीला.”

“एकटी? तिथे कशाला गेलीस?”

“कशाने गेलं रे ते?”

“कोण?” मग त्याला कळलं. “अगं, छातीचं काहीतरी. घरातल्या सगळ्यांनाच खोकला झालाय म्हणे. तो मोठा नरसुद्धा खोकतोय. बाकीचे सावरतील म्हणतात.”

घरातल्या, असं तो म्हणाला. नलिनीने पाण्याकडे बघितलं.

“मला ताप होता, मंगेश. त्या दिवशी. गोळ्या घेऊन आले होते मी.”

पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजला आणि थांबला.

“आई, आपण तिथे जाऊन आल्याला तीन आठवडे झाले. रोज आठ माणसं जातात तिथे. कुणाकडूनही लागलं असेल.”

“कुणाकडूनही,” ती म्हणाली.

“हो. कुणाकडूनही. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस.”

“तू ऐकलं होतंस का मला? रात्री, लॉजवर?”

तिला वाटलं रेंज गेली.

“ऐकलं होतं,” तो म्हणाला. “भिंत फळ्यांची होती. रात्रभर खोकत होतीस.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बाबांच्या नंतर पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतंस, आई. कसं नको म्हणणार होतो?”

एक बगळा पाण्यावरून सरळ रेषेत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग इतकी वर्षं जे वाक्य तिने स्वतःलाही पूर्ण ऐकू दिलं नव्हतं ते अगदी सहज, दुसऱ्या कुणाविषयी बोलावं तसं, बाहेर आलं.

“बाबांनाही माझ्याकडूनच झालं.”

“माहीत आहे मला.”

“काय?”

“बाबांनी सांगितलं होतं. वॉर्डातून फोन केला होता मला, ऑक्सिजन लावायच्या आधी. धाप लागत होती. म्हणाले, तिला आधी झालं होतं, पर्समध्ये गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसली मला. म्हणाले, तिला कधी विचारू नकोस. आयुष्यात कधी. मी नाही विचारलं.”

नलिनीचा हात होडीच्या लाकडावर होता. उन्हाने ते कोमट झालं होतं, आणि डांबराचा, माशांचा वास त्याला येत होता. तिला वाटलं आता सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि घरातले दोघेही पुरुष दाराशी उभे राहून बघत होते, पाऊल वाजू न देता. म्हणजे तो गार चहा जयवंत माहीत असून प्यायला होता? की पाकिटं त्याला नंतर दिसली? हे आता कुणाला विचारायचं? तिला एकाएकी प्रचंड राग आला. जयवंतचा, त्याच्या त्या शांत, समजूतदार, सगळं पोटात घालणाऱ्या स्वभावाचा. त्याने एकदा, एकदाच, ओरडून विचारलं असतं, तर तिला रडता आलं असतं. त्याने तिला माफ केलं, पण गुन्हा काय ते न सांगता. आणि न सांगितलेली माफी हातात कशी धरायची?

“तुला राग नाही आला माझा?” तिने विचारलं.

“आला होता ना. दीड वर्ष आलो नाही मी घरी. तुला वाटलं विमानं बंद होती म्हणून. ती केव्हाच सुरू झाली होती, आई.”

“हं.”

“नंतर गेला राग. कधी गेला कळलं नाही.”

“शिव्या द्यायच्या होत्यास मला.”

“आई, प्लीज.”

ती उठली. साडीला लागलेली माती झाडली. आपला आवाज वर्गातल्यासारखा झाला आहे हे तिला ऐकू येत होतं. “मला प्रूडन्सचा नंबर दे.”

“कशाला?”

“सांगायला.”

“त्याने काय होणार आहे? पिल्लू परत येणार आहे का?” तो चिडला होता, आणि चिडल्यावर तो हुबेहूब दहावीतला मंगेश होता. “परवाना माझ्या नावावर होता. मला इथे राहायचंय, मला दर दोन वर्षांनी कागद नवे करायला लागतात. जरा माझंही बघ. उद्या म्हणाले तुम्हाला माहीत असून आईला आणलंत, तर?”

“खरंच आहे ते.”

“काय खरं आहे?”

“तुला माहीत होतं.”

नलिनीला त्याची दया आली आणि तरी ती मागे सरली नाही. “तू ठरव,” ती म्हणाली. “मी तुझ्यापासून चोरून नाही करणार. पण बाकीची दहा आहेत तिथे. डॉक्टर त्यांना औषध द्यायला बघत असतील, आणि त्यांना कळत नसेल कशावर द्यायचं. मला काय झालं होतं ते मला माहीत आहे. कधी आलं, किती दिवस राहिलं, सगळं. हे पण मी लपवायचं का?”

फोन त्याने ठेवला की रेंज गेली ते कळलं नाही. मासळी वाळत घालणाऱ्या बायांपैकी एकीने तिच्याकडे बघून हात हलवला आणि बसकडे बोट दाखवलं. परतीची शेवटची गाडी. नलिनी चढली. सागाची तीच रानं उलट्या बाजूने जाऊ लागली. उतरतं ऊन त्यांच्या उघड्या फांद्यांत शिरून तांबूस धुरकट झालं होतं, आणि त्या धुरकटपणात तिला सारखं वाटत होतं, की झाडांच्या मागून कुणीतरी काळंभोर, जडशीळ, बसच्या वेगाने पण अजिबात न धावता बरोबर येत आहे. तिला त्याची भीती वाटली नाही. खानवेलच्या अलीकडे फोन थरथरला. मंगेशने एक नंबर पाठवला होता. बाकी एक अक्षर नव्हतं.

रविवारी सकाळी दहा वाजता, शब्दकोश शेजारी घेऊन, तिने इंग्रजीत मेसेज लिहिला. मराठी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईचं इंग्रजी. पाच वेळा खोडलं. शेवटी उरली ती साधी वाक्यं. ‘मी त्या दिवशी आजारी होते. मी खोटं सांगितलं. मास्क खाली केला होता. पिल्लू जवळ असताना मी खोकले.’ त्याखाली तारखा लिहिल्या. पाठवलं, आणि खुर्चीवरून न उठता बसून राहिली. रस्त्यावर कुणाच्यातरी लग्नाचा बँड जाऊन दूर गेला. साडेबाराला फोन वाजला.

प्रूडन्सने नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. तिचा आवाज तसाच सावकाश होता, पण त्यात ऊब नव्हती. ताप कोणत्या दिवशी आला? किती? खोकला कोरडा की ओला? परत गेल्यावर डॉक्टरांना दाखवलं का? काय म्हणाले? कोणतं औषध? पलीकडे पेन कागदावर चालताना ऐकू येत होतं. नलिनी एकेकाचं उत्तर देत गेली. शब्द अडला की थांबत होती, शोधत होती, प्रूडन्स थांबत होती.

“त्या सकाळी तुम्ही सांगितलं असतं,” प्रूडन्स म्हणाली, “तर आम्ही तुम्हाला गावात थांबवलं असतं. बरं वाटल्यावर नेलं असतं. असे लोक असतात. आम्ही नेतो त्यांना.”

नलिनीने हे ऐकून घेतलं. ते आत जाईपर्यंत वेळ लागला.

“मला ते माहीत नव्हतं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मी विचारलं नाही.”

“नाही विचारलंत.”

“ती आई कशी आहे?”

पेन थांबलं. “चार दिवस तिने त्याला घेऊन फिरवलं,” प्रूडन्स म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात काहीतरी हललं. “पाठीवर टाकायची, पडलं की उचलायची. बाकीचे पुढे जायचे, ती मागे राहायची. नर तिच्यासाठी थांबायचा. आज सकाळी तिने त्याला खाली ठेवलं. शेजारी बसून पाला खाल्ला. मग उठली आणि त्यांच्यामागून गेली. आम्ही ती बरीच लांब जाईपर्यंत थांबलो. मग आम्ही उचललं.”

“आता?”

“आता डॉक्टर तपासतील. फुप्फुसं बाहेर पाठवतील. कोणता जंतू, कुठून आला, थोडंफार कळतं. कधी कळत नाहीही. तुम्ही सांगितलंत त्याचा बाकीच्यांसाठी उपयोग होईल, तेवढं मी लिहीन. तुमच्या मुलाचं नावही मला लिहावं लागेल.”

“त्याला ठाऊक आहे.”

“दोन महिने लागतात.” प्रूडन्स थांबली. नलिनीला ते थांबणं आठवलं. लाकडी बाकांवरच्या आठ जणांसमोरचं, पुरेसं. “रिपोर्ट आल्यावर तुम्हाला कळवायचं का? तुम्ही बाहेरच्या आहात, तुम्हाला कळवण्याचं बंधन आमच्यावर नाही. पुष्कळांना नको असतं.”

खिडकीतून हिवाळ्याचं फिकट ऊन जमिनीवर आलं होतं. नलिनी त्याच्याकडे बघत होती. रिपोर्टात तिचं काही नसेलही. असेलही. दोन महिने ते असण्या-नसण्याच्या मधे राहील आणि मग एक दिवस कागदावर येईल, आणि तो कागद तिने उघडला की तो भाजीवाला, ती हवा, ते कुणाकडूनही, सगळे एकतर परत येतील नाहीतर कायमचे निघून जातील.

“कळवा,” ती म्हणाली. “काय असेल ते कळवा.”

“मग पूर्ण नाव सांगा. पत्त्यासकट. अक्षरं सुटी करून सांगा, मला तुमची नावं लिहिता येत नाहीत.”

लाइन खराब होती. नलिनीला एकेक अक्षर मोठ्याने, दोन-दोनदा सांगावं लागलं. पहिलं नाव झालं, आणि ती मधल्या नावाशी आली.

“हे कुणाचं?” प्रूडन्सने विचारलं. “वडिलांचं?”

“नवऱ्याचं.”

“सांगा.”

“जे,” नलिनी म्हणाली. तिकडून आवाज आला, “जे.” “ए,” ती म्हणाली. “ए.” “वाय.” “वाय,” प्रूडन्स सावकाश म्हणाली, “पुढे?” आणि नलिनीने श्वास घेतला, डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत येऊ दिलं, आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, न चुकता, पुढचं अक्षर सांगितलं.